पोटात झाड येत नाही, पण...

लहानपणी कलिंगडाची बी चुकून गिळली, की घरातलं एखादं मोठं माणूस हमखास सांगायचं, 'आता पोटात झाड येणार!' मग रात्रभर टेन्शन. कानातून फांदी बाहेर आली तर शाळेत काय सांगायचं? आपण मोठे झालो, नोकरीला लागलो आणि बियांबद्दलचे फंडे पार उलटे झाले. आता म्हणे फळ राहू दे बाजूला, बीच खा! पपईच्या बियांनी लिव्हर साफ होतं, द्राक्षाच्या बियांनी वय थांबतं, जांभळाच्या बियांनी डायबेटिस पळतो आणि जर्दाळूच्या बियांनी तर चक्क कॅन्सर बरा होतो. सकाळच्या लोकलमध्ये असा एखादा मेसेज येऊन पडतो, दुपारी डबा खाताना त्यावर चर्चासत्र रंगतं आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी पावडरची डबी ऑर्डरही करून मोकळं होतं.

म्हणून म्हटलं, या आठवड्यात बियांचीच जरा उलटतपासणी घेऊ. सगळ्याच बिया भंपक नाहीत आणि सगळ्याच निरुपद्रवीही नाहीत. काही खरंच कामाच्या आहेत, काहींचा नुसता गवगवा आहे आणि काही सरळ सरळ विषारी आहेत. त्या ओळखायला सायन्सची डिग्री लागत नाही. कुठलाही दावा समोर आला की तीन साधे प्रश्न विचारायचे. बीचा नेमका कुठला भाग? किती प्रमाणात? आणि कुणावर तपासून बघितलं? बस्स.

'व्हिटॅमिन' नावाचा झोल

सुरुवात सगळ्यात मोठ्या दाव्यापासून करू. जर्दाळू आपल्याकडे सुक्या मेव्यात येतो. वरचा गोड भाग खायचा, आतली टणक बी वरवंट्याने फोडायची आणि त्यातला बदामासारखा गर तोंडात टाकायचा, हा उद्योग आपल्यापैकी अनेकांनी केलाय. हा गर गोड असेल आणि एखाद-दुसराच असेल तर काळजीचं कारण नाही. पण जर्दाळूच्या काही जातींत तो कडू असतो आणि खरी भानगड या कडूपणातच आहे.

त्या कडूपणामागे अमिग्डॅलिन नावाचं रसायन असतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत अर्न्स्ट क्रेब्ज या एकाच नावाच्या बापलेकांनी त्याचाच एक प्रकार 'लेट्रिल' या नावाने कॅन्सरवर इलाज म्हणून पुढे आणला. पुढे त्याचं बारसं झालं 'व्हिटॅमिन बी-१७'! आता व्हिटॅमिन म्हणजे काय, तर जे शरीराला लागतं आणि जे मिळालं नाही तर आजार होतो. 'सी' मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो, 'डी' मिळालं नाही तर मुडदूस. अमिग्डॅलिन मिळालं नाही म्हणून आजवर कुणाला काही झालेलं नाही. मग व्हिटॅमिन कशाला म्हणायचं? कारण औषध म्हटलं की सरकारदरबारी पुरावे मांडावे लागतात. व्हिटॅमिन म्हटलं की तो ताप टळेल, असा साधा हिशेब होता.

आणि हा माल खपला, तोही तुफान. अमेरिकेतल्या वीसहून जास्त राज्यांनी त्याला कायदेशीर मोकळीक दिली. 'द ग्रेट एस्केप' आणि 'बुलिट' गाजवणारा स्टीव्ह मॅक्वीन फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरने आजारी पडला, तेव्हा त्याने मेक्सिकोत जाऊन जे उपचार घेतले त्यांत लेट्रिलही होतं. नोव्हेंबर १९८० मध्ये, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी, तो मेक्सिकोतल्याच एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशननंतर गेला.

शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने रीतसर चाचणी झाली. कॅन्सरच्या १७८ पेशंट्सना अमिग्डॅलिन दिलं गेलं, सोबत त्याचे समर्थक सांगतात तो आहार आणि व्हिटॅमिन्सही दिली. १९८२ साली निकाल छापून आला. कुणी बरं झालं नाही, त्रास कमी झाला नाही, आयुष्यही वाढलं नाही. उलट काही जणांच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण धोक्याच्या पातळीजवळ पोचलं.

हो, सायनाइड. डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतलं. बी अख्खी असते तेव्हा तिच्यात अमिग्डॅलिन एका कप्प्यात असतं आणि त्याला फोडणारं एन्झाइम दुसऱ्या. बी चावली किंवा कुटली की दोघांची गाठ पडते आणि सायनाइड मोकळं होतं. किड्याने किंवा उंदराने आपली बी खाऊ नये म्हणून झाडाने केलेला हा बंदोबस्त आहे. तो आपल्यालाही लागू पडतो.

आता प्रमाणाचा प्रश्न विचारा. युरोपियन युनियनच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली हिशेब मांडला, की मोठ्या माणसाने एका वेळी कच्चे छोटे गर तीनपेक्षा जास्त खाल्ले, तर सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते. गर मोठा असेल तर अर्ध्याहून कमीसुद्धा पुरतो आणि लहान मुलासाठी तर एक छोटा गरच जास्त होतो. आणि या बिया विकणारे काय सांगत होते? तब्येत चांगली राहावी म्हणून रोज दहा, कॅन्सर असेल तर रोज साठ! ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने २०१५ मध्ये कच्च्या जर्दाळू-गरांच्या विक्रीवरच बंदी घातली, ती उगाच नाही.

सफरचंदाची बी गिळली, आता?

काही नाही. पाणी प्या आणि कामाला लागा. सफरचंदाच्या बियांतही अमिग्डॅलिन असतं हे खरंय. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली छापलेल्या मोजणीत, बियांच्या दर ग्रॅममागे ते साधारण १ ते ४ मिलिग्रॅम भरलं होतं. पण अख्खी गिळलेली बी टणक सालीसकट जशीच्या तशी बाहेर पडते. चुकून एखाद-दोन चावल्या गेल्या तरी तेवढं सायनाइड शरीर निकामी करून टाकतं. 'सफरचंदाच्या बिया म्हणजे मृत्यूला आमंत्रण' हा मेसेजही तितकाच फेकू आहे.

फक्त एक लक्षात असू द्या. दात जे करत नाहीत ते मिक्सर करतो. सकाळच्या घाईत तीन-चार सफरचंदं मधल्या गाभ्यासकट मिक्सरमध्ये ढकलून रोज स्मूदी प्यायची सवय असेल, तर गाभा काढायला लागतात ती पंधरा सेकंदं खर्च करा. पोरांना देत असाल तर नक्कीच.

याच यादीत सीताफळाची बी टाका. उवांवर उपाय म्हणून ती वाटून केसांना लावायची पद्धत गावाकडे आहे आणि उवा त्याने मरतातही. पण तोच लेप डोळ्यांत उतरला तर बुबुळाला इजा होते, असह्य आग होते आणि पेशंट थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोचतो. उवांसाठी मेडिकलमध्ये साधी लोशन्स मिळतात. डोळे पणाला लावायची गरज नाही.

द्राक्षाची बी: बाटलीत एक, लेबलवर दुसरं

आता ग्लॅमरस प्रकरण, 'ग्रेप सीड'. कॅप्सूल, तेल, सीरम, फेशियल, सगळीकडे हेच. गंमत बघा, नाशिक-सांगलीकडून आपल्या ताटात येणारी बहुतेक द्राक्षं बिनबियांची. थॉम्सन, तास-ए-गणेश, सोनाका, सगळी सीडलेस. मग एवढ्या बिया येतात कुठून? प्रामुख्याने वाइनच्या धंद्यातून. द्राक्षं पिळून झाल्यावर जो चोथा उरतो, त्यात सालं आणि बिया असतात. चोथ्याचे पैसे होत असतील तर कुणाला नकोत? त्यात वाईट काही नाही. फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

द्राक्षाच्या बीत प्रोअँथोसायनिडिन्स नावाचे घटक असतात. फ्रान्समधले संशोधक जाक मास्कलिए यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांच्यावर बरंच काम केलं. या घटकांचा अर्क कॅप्सूलमधून देऊन माणसांवर चाचण्या झाल्या आहेत आणि काहींमध्ये ब्लडप्रेशर थोडं उतरलेलं दिसलं. थोडं म्हणजे थोडंच, आणि बऱ्याचशा चाचण्या लहान आणि कमी दिवसांच्या. म्हणजे पूर्ण थाप नाही. पण 'वय थांबतं' वगैरे त्यातून कुठेही निघत नाही.

इथे पहिला प्रश्न कामाला येतो. नेमका कुठला भाग? हे घटक अर्कात भरपूर असतात, पण बियांपासून काढलेल्या तेलात जवळपास नसतातच, कारण ते तेलात विरघळणारे नाहीत. म्हणजे कॅप्सूलवर झालेल्या संशोधनाचा दाखला देऊन कुणी तुम्हाला तेल विकत असेल, तर त्याने मधल्या मधे गाडी बदलली आहे. आणि घरात कुणी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल, तर हा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

पपई: दावा एक, संशोधन भलतंच

पपईच्या बिया लिव्हर 'डिटॉक्स' करतात, हा सध्याचा लाडका दावा. यकृताचं कामच मुळी रक्तातली घाण निस्तरणं हे आहे. ते ठणठणीत असेल तर त्याला बाहेरून झाडूवाला लागत नाही.

पण पपईच्या बियांवर खरंखुरं संशोधन झालंय, फक्त ते भलत्याच विषयांवर. २००७ साली नायजेरियात पोटात जंत असलेल्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या मुलांना वाळवलेल्या पपईच्या बिया मधातून दिल्या, उरलेल्यांना नुसता मध. बियांच्या गटात ३० पैकी २३ मुलांचे जंत गेले, नुसत्या मधाच्या गटात ३० पैकी ५ जणांचे. फरक चांगलाच आहे. पण तो साठ मुलांचा एक प्रयोग आहे, आणि जंतांची स्वस्त, तपासलेली गोळी आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.

दुसरं संशोधन आपल्याच देशातलं आहे आणि ते ऐकून ऑफिसातल्या पुरुषमंडळींचे कान टवकारतील. जयपूरला राजस्थान विद्यापीठातल्या संशोधकांनी पपईच्या बियांचा अर्क नर वानरांना रोज दिला. २००२ साली छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार वानरांच्या वीर्यातले शुक्राणू नाहीसे झाले आणि अर्क थांबवल्यावर काही महिन्यांत परत आले. हेतू पुरुषांसाठी गर्भनिरोधक शोधण्याचा होता. तुम्ही चमचाभर बिया खाल्ल्या म्हणून असं काही होईल, असं यातून म्हणता येत नाही. तो रसायन वापरून काढलेला अर्क होता, मोजून दिलेला होता आणि वानरांना दिलेला होता. पण 'नॅचरल आहे, मग साइड इफेक्ट कसला?' असं म्हणणाऱ्याला ही गोष्ट जरूर सांगा. ज्या वस्तूत काही गुण आहे, ती शरीरात काही ना काही करणारच, आणि ते तुम्हाला हवं तेच असेल याची गॅरंटी नाही.

पपईच्या बियांचा आणखी एक उपयोग मात्र शंभर टक्के सिद्ध झालाय. मिऱ्यांत भेसळ! ग्लासभर पाण्यात मिरी टाकून बघा. चांगली मिरी तळाशी बसते, पपईची बी वर तरंगते.

ज्यांना जाहिरात लागली नाही

इतकं वाचून बियांचा धसका घेऊ नका. आपल्या स्वयंपाकघरात कित्येक बिया पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत. फणसाच्या आठळ्या घ्या. उकडून, भाजून किंवा भाजीत घालून कोकणात आवडीने खातात. पोटभरीचा स्टार्च, थोडी प्रथिनं, थोडा चोथा. कच्च्या आठळीत प्रथिनं पचू न देणारे काही घटक असतात, ते शिजवल्यावर निकामी होतात. आजीला त्यांची नावं माहीत नव्हती, पण आठळी शिजवूनच खायची हे पक्कं माहीत होतं.

चिंचोके भाजून चघळायचे, त्यांचीच खळ करून घोंगडीला लावायची. याच चिंचोक्यातला एक चिकट पदार्थ आता डोळ्यांच्या कोरडेपणावरच्या काही ड्रॉप्समध्ये वापरला जातो. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्या जमातीला त्याचं अप्रूप वाटायला हरकत नाही. कोकमाच्या बियांचं तेल कोकणात आणि गोव्यात थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज जी मोजकी सहा वनस्पतिजन्य तेलं आणि चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालतात, अशी यादी युरोपियन युनियनने २००० साली केली. त्यात कोकमाची बी आहे आणि आंब्याची कोयही आहे. यातल्या कुणीही कॅन्सर बरा करायचं वचन दिलेलं नाही. बिचाऱ्या आपापलं काम करतात.

जांभूळ आणि बाबांची गोळी

आणि आता ती बी, जी तुमच्या-माझ्या घरात खरोखर येते. जून उजाडला, जांभळं आली, की बिया धुऊन गच्चीवर वाळत पडतात. मग त्यांची पूड होते आणि रोज सकाळी एक चमचा पाण्याबरोबर घेतली जाते. घरात डायबेटिस असेल तर हे चित्र ओळखीचं असणार.

यात तथ्य किती? आयुर्वेदात जांभळाच्या बीचा उपयोग जुना आहे. प्रयोगशाळेतही त्यावर काम झालंय. तमिळनाडूतल्या अण्णामलै विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ साली छापलेल्या प्रयोगात, डायबेटिस झालेल्या उंदरांना बियांचा अर्क दिल्यावर त्यांची साखर उतरली. पण त्या उंदरांना डायबेटिस 'झाला' नव्हता, अ‍ॅलॉक्झान नावाच्या रसायनाने इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून तो 'केला' होता. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाचा, पोट सुटून आणि बैठ्या कामाने आलेला टाइप-२ डायबेटिस हा वेगळा मामला आहे. माणसांवर झालेल्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. काहींत साखर थोडी उतरलेली दिसते. ब्राझीलमधल्या २००४ सालच्या एका काटेकोर चाचणीत जांभळाचा काहीच परिणाम दिसला नाही, सोबत तपासलेल्या नेहमीच्या गोळीने मात्र साखर उतरवली. पण तिथे बिया नव्हत्या, पानांचा चहा होता. म्हणून त्या एका निकालावरून बीलाही निकालात काढता येत नाही. सगळं मिळून बोलायचं तर बीत काहीतरी असू शकतं, पण गोळीची जागा घेण्याइतका पुरावा नाही.

मग शेजारच्या काकांची साखर कशी उतरली? नीट विचारा. पूड सुरू केली त्याच आठवड्यात त्यांनी चहातली साखर बंद केली असेल, संध्याकाळी बागेत चालायला लागले असतील आणि गोळ्याही चालूच असतील. साखर उतरली या सगळ्यांमुळे, श्रेय गेलं पुडीला. कारण चालणं आणि गोड सोडणं यात काही खास वाटत नाही. पुडीत वाटतं.

इथपर्यंतही ठीक. खरा धोका पुढच्या वाक्यात असतो. 'साखर आता नॉर्मल आलीय ना, मग गोळी कशाला?' डायबेटिस दुखत नाही. गोळी सोडल्यावर पहिले काही महिने तर काहीच कळत नाही. तोवर डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पायांच्या नसा आपली किंमत मोजत असतात. आणि पायाला झालेली जखम भरत नाही म्हणून डॉक्टरांकडे जायची वेळ येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

यातली सगळ्यात मोठी गंमत सांगू? बाबा जी गोळी केमिकल म्हणून नाकारतात, त्या मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडपाल्यातच आहे. युरोपात गलेगा नावाची वनस्पती डायबेटिससारख्या लक्षणांवर वापरायचे. तिच्यातल्या घटकांचा माग काढत काढत मेटफॉर्मिनपर्यंत पोचले आणि १९५७ साली फ्रान्समधले डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते माणसांवर वापरल्याचे निष्कर्ष छापले. त्यानंतर कितीतरी वर्षं, कितीतरी पेशंट्सवर ते तपासलं गेलं. डोस ठरला, साइड इफेक्ट ठरले, कुणाला द्यायचं नाही तेही ठरलं. म्हणजे निवड झाडपाला की केमिकल अशी नाहीच. तपासलेलं आणि न तपासलेलं, एवढाच फरक आहे.

तेव्हा बाबांशी वाद घालू नका. पुडीला नाव ठेवलं की ते हट्टाला पेटतील. त्याऐवजी एक सौदा करा.

* पूड घ्यायची तर घ्या, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही.
* पूड घेतोय हे डॉक्टरांना सांगायचं. काही गोळ्यांबरोबर साखर जास्त उतरून चक्कर येऊ शकते.
* आज एचबीए१सी करायची, तीन महिन्यांनी परत करायची. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, एका सकाळची नाही.
* डबी विकत आणली असेल तर मागची बाजू वाचायची. फूड सप्लिमेंट असेल तर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.
* पुढच्या बाजूला 'डायबेटिस मुळापासून बरा' असं लिहिलं असेल तर ती डबी परत करायची. औषधाची अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४च्या कायद्याने बंदी आहे. कायदा मोडून विकणारा डबीत काय भरत असेल, कुणी सांगावं?

आणि हो, जांभळं संपायच्या आत बाबांना घेऊन बाजारात चालत जा. चालतच. डबीत न मिळणारं औषध तेवढं एकच आहे.